नमुना क्रमांक एकोणीस

अमळनेर, मे महिना, सकाळचे साडेनऊ.
तिकीट-मशीनच्या झोळीतून तिने काढली
खोकल्याच्या औषधाची बाटली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
"हिच्यात नाही चालत," म्हणालो,
"तुमचं सोडून सिरपचंच काहीतरी निघेल."
ती हसली नाही.

नवी डबी घेऊन मागे गेली. बराच वेळ लागला.
आली ती ओठ दाबून.
लेबलावर लिहिलं: कोकिळा सुपडू महाजन, चौतीस.

रंग, कळण्याचं पीठ कालवल्यासारखा.
पट्टी बुडवली. दोन मिनिटांत
एक चौकोन गुलाबी, एक जांभळा.
भिंगाखाली पू-पेशींची जत्रा,
जत्रेत चुकलेले चार-सहा लाल दाणे,
आणि पाकिटांसारखे स्फटिक,
चिकटवलेले, वर पत्ता नसलेले.

"पानी कितलं पेतस?"
"सकायले एक गिलास. मंग एकदम रातले."

चोपडा–धुळे, रोजच्या दोन फेऱ्या.
स्टँडवरच्या त्या दाराला कडी नाही,
ड्रायव्हरला काय, कुंपणाची भिंत आहे.
"मंग पेवानंच नही," ती म्हणाली,
डेपोचा नियम सांगावा तशी.

पू-पेशी: भरपूर, मी लिहिलं.
डॉक्टर दुपारी गोळ्या लिहितील,
खाली एक ओळ: पाणी तीन लिटर.

दहा रुपये सुट्टे नव्हते माझ्याकडे.
पावतीमागे लिहून दिले.
आता मात्र हसली: "हाई तं मन्हं काम शे."

दाराशी माठ होता, ओल्या फडक्यातला.
तिने झाकणावर हात ठेवला,
घड्याळाकडे पाहिलं.
दहाची गाडी.
हात काढून घेतला.