ऑकलंड : आवाज अस्पष्ट

गोथेनबर्गच्या मुख्य कचेरीत, पाचव्या मजल्यावर,
महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी तीनला
बैठक भरते. मी इतिवृत्त लिहिते.
खाली नदी, काठाकाठाने गोठलेली,
टेबलावर कॉफी, दालचिनीचे पाव,
आणि भिंतभर पडद्यावर चौकटीचौकटींतून
आमची माणसं :
हॅलिफॅक्स, वालपराइसो, सेबू, ऑकलंड.

लिफ्टमध्ये पोस्टर आहे. एकावर एक ठेवलेले नऊ हात,
खाली लिहिलंय : सगळे आवाज आपले.
सावळे हात कमी पडले तेव्हा
हिशेबखात्यातल्या अस्तेरला फोटोवाल्याने
अंगठी काढायला लावून
पुन्हा उभं केलं होतं.

तोर्ब्यॉर्न साहेब ज्याला त्याला
त्याच्या त्याच्या भाषेत नमस्कार घालायचे.
मग, घड्याळाकडे बघत : ऑकलंड, काही?
ऑकलंडच्या चौकटीत काळोख,
काळोखात गाडी, गाडीत तेविता,
वर कोट, खाली बहुधा झोपायचा लेंगा.
काहीतरी पुटपुटायचा.
मी लिहायची : ऑकलंड, आवाज अस्पष्ट.
पुढचा विषय.

जानेवारीत गुन्व्होर आल्या.
त्यांनी विचारलं, तिकडे आत्ता किती वाजलेत?
टेबलाभोवतीच्या चौदा जणांतल्या
एकालाही चटकन सांगता येईना.
सेबूची रोसेन्दा म्हणाली,
त्याच्याकडे पहाटेचे तीन. माझ्याकडे रात्रीचे दहा.
मी पोराला निजवून येते.

गुन्व्होरनी भाषण नाही केलं.
म्हणाल्या, माझी आई बत्तीस वर्षं
इस्पितळात रात्रपाळीला होती.
शेजारणी विचारायच्या, दिवसभर झोपून करतेस काय?
पुढची बैठक रात्री तीनला. आपल्या रात्री.

कुरकुर झाली, होणारच.
आपलं कोंबडं आरवलं की जगाचं उजाडतं,
असं एकोणीस वर्षं चाललेलं.

फेब्रुवारी. स्वयंपाकघराच्या टेबलाशी मी,
फ्रीजची घरघर, पायांत लोकरीचे मोजे.
वित्तप्रमुखांच्या मागे नातवाची सायकल.
कुणाचेच केस धड विंचरलेले नाहीत.
गुन्व्होरचे डोळे सुजलेले,
आणि ऑकलंडच्या चौकटीत
ऊन.
इतकं की आम्ही सगळे जरा मागे सरलो.

पिवळ्या सदऱ्यातला तेविता बोलला
आणि मला आवाज कमी करावा लागला.
म्हणाला, अकरा महिने सांगतोय,
आपल्या पंपाचं सील कोमट पाण्यात
तिसऱ्या महिन्याला गळतं.
फिजीच्या दोन बोटी परत आल्या.
गाडीत बसून सांगायचो,
पोरं उठू नयेत म्हणून हळू.

कुणाची तरी जांभई अर्ध्यात थांबली.
जुनी इतिवृत्तं काढा, गुन्व्होर म्हणाल्या.
त्यांत काय आहे ते मला ठाऊक होतं.
माझंच अक्षर. अकरा वेळा.

बैठक संपल्यावर मी लिहिलं :
आवाज स्पष्ट होता. ऐकणारे झोपेत होते,
भर दुपारी.
मग खोडलं. इतिवृत्तात अशी वाक्यं बसत नाहीत.
लिहिलं : सील बदलणे. मुदत : एप्रिल. जबाबदारी :
तिथे कुणाचं नाव घालायचं
ते विचारायचं राहून गेलं.

वित्तप्रमुखांचं पत्र सकाळी आलंच,
पूर्वीची वेळ सोयीची होती म्हणून.

पण ते नंतर. त्याआधी, चार वाजता,
खिडकीखाली बर्फ काढणारी गाडी आली.
चालवणाऱ्याने वर पाहिलं, उजेड कसा म्हणून.
तो रोज याच वेळी येत असावा.