मृत क्रमांक सतरा

सिनेमावाले आले तेव्हा अबोहरला कापूस उचलून झाला होता
आणि आम्ही तिघे, बारावीनंतरच्या सातव्या वर्षी,
रेशमच्या मोबाइलच्या दुकानात बसून
कॅनडाच्या पत्राची वाट बघत होतो.
जोबनला दोनदा नकार. इंग्रजीत साडेपाच.
मला सहा. सहावर कुठंच जाता येत नाही,
सहावर फक्त बापासमोर मान खाली घालता येते.

बंद सूतगिरणीत त्यांनी प्लायवुडचा तुरुंग उभा केला.
टेकून उभं राहिलं की भिंत मागं सरायची.
दिवसाचे सहाशे, दुपारचं जेवण, पगडी ज्याची त्याची.
कुर्ते त्यांचे. माझ्या कुर्त्याच्या गळ्याशी
आतून शाईनं लिहिलेलं: मृत, १७.
रेशम अठरा.
जोबन नुसता जखमी, कण्हायचे पन्नास जास्त.

"देशासाठी पडताय!" सहायक ओरडायचा, गॉगल न काढता,
"बटाट्याच्या पोत्यासारखे पडू नका!"
आम्ही हसलो.
देश म्हणजे आम्हाला रांग, शिक्का,
'साहेब जेवायला गेलेत'.
देश म्हणजे विमानाच्या खिडकीतून
एक दिवस लहान लहान होत जाणार होता तो.

नऊ वेळा पडलो.
नवव्या वेळी गाल मातीला, डोळे मिटलेले,
तोंडात खोट्या रक्ताची चव, काकवीसारखी,
आणि वही घेतलेली एक बाई मोजत चालली होती:
पंधरा. सोळा.
तिच्या चपलेचं टोक माझ्या खांद्याला लागलं.
सतरा आहे, म्हणाली.

मी आहे, हे कुणीतरी लिहून घेतलं.

आई गेली तेव्हा कुणी लिहून घेतलं नव्हतं.

आमच्या बुर्जवाल्यात वैशाखात कालवा बंद होतो
आणि पुन्हा सुटतो तेव्हा काळा सुटतो.
बायका ओढणीतून गाळतात, ओढणी धुतात, पुन्हा गाळतात.
मग कुणाच्या पोटात गाठ, कुणाच्या गळ्यात,
रात्रीच्या गाडीनं बिकानेर, आणि परत येताना
सीटवर एक माणूस कमी.
कचेरीत म्हणाले, नोंद नाही.
म्हणजे मेलंच नाही कुणी.

शूटिंग संपलं. त्या बाईकडं मी उरलेली वही मागितली.
तिनं कशाला म्हणून विचारलं नाही.
पहिल्या पानांवर आम्ही होतो, खोटे मेलेले.
मागच्या बाजूनं सुरुवात केली.

रेशम चारलाच शटर ओढायचा.
घरोघर: नाव, वय, दुखणं, हातपंप किती फूट खोल.
म्हाताऱ्या बिशनकौरनं दारातच अडवलं, कुठल्या पक्षाचे?
जोबन म्हणाला, कुठल्याच नाही, बेबे,
आम्ही सिनेमात मेलो होतो.
तिनं खाट टाकली. तिच्याच घरची चार नावं निघाली.

सतरावी ओळ मी मोकळी सोडली होती.
एकशे चार झाली त्या रात्री तिथं आईचं नाव लिहिलं.
बाप कधी मागं येऊन उभा राहिला कळलं नाही.
वय चुकवलंस, म्हणाला.
बेचाळीस नव्हे. एक्केचाळीस.
मग खाली बसला, आणि शेजारच्या गल्लीतली
आणखी दोन नावं सांगितली.

सिनेमा लागला. मी दीड सेकंद दिसतो,
तेही पाठमोरा.
नायकाच्या भाषणाला शिट्ट्या पडल्या, नाणी उडाली,
माझ्या पुढचा पोरगा उभा राहून रडत होता,
आणि मला त्याचं हसू आलं नाही.

जोबनचं पत्र माघात आलं. तो गेला.
तिकडं बर्फात गाडी लावून रात्री फोन करतो,
हालहवाल नंतर, आधी विचारतो: किती झाले?

सोमवारी वही घेऊन कचेरीत गेलो.
साहेब जेवायला गेले होते.
आम्ही बाकावर बसलो.
रेशमनं पराठे बांधून आणले होते,
संध्याकाळपर्यंत पुरतील इतके.