कर्ता शोधा

आमच्या घरात कुणी पादत नसे.
अपानवायू सरत असे,
तोही वर्षातून एखाद्या वेळी, पाहुण्याचा.
भाऊ रामबागेतल्या शाळेत मराठी शिकवायचे
आणि घरी येताना व्याकरण
चपलांसारखं दाराबाहेर काढून ठेवायचं असतं
हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

रविवारी पोहे. वरून शेव, जिरावन,
कधी श्रीरंगने आणलेली हिंगाची कचोरी.
आणि मग साडेदहाच्या सुमाराला
सतरंजीच्या कुठल्या तरी टोकाकडून
एक बारीक, लांबलेला, प्रश्नार्थक आवाज.

भाऊ बशी खाली ठेवत.
कुणाकडेच बघत नसत.
एवढंच म्हणत, "खिडकी."

ज्याचा असेल त्याने उठायचं नाही
(उठला की सापडला),
म्हणून दर वेळी मीच उठायची
आणि श्रीरंग गल्लीभर सांगत सुटायचा, ताईच.

आई बशा गोळा करून आत जाई
आणि मिक्सर लावी.
त्या मिक्सरमध्ये काही नसायचं
हे मला कळलं माझं लग्न झाल्यावर.

गजामामा देवासहून यायचा. बसवर कंडक्टर.
उजव्या मांडीवरून जरा कलायचा,
डबल बेल द्यावी तसा द्यायचा,
आणि आशीर्वादही स्वतःच स्वतःला:
"पादा पण नांदा!"
भाऊ दोन दिवाळ्या त्याच्याशी बोलले नाहीत.
आई बोलली, पत्रातून.
ते पत्र भाऊंनी लाल शाईने तपासलं,
मग पेटीत टाकलं.

शहात्तराव्या वर्षी भाऊंच्या आतड्याला पीळ पडला.
स्नेहलतागंजात ऑपरेशन, वीतभर टाके.
डॉक्टर पोरवाल रोज सकाळी दारातूनच,
"मास्साब, हवा पास हुई?"
भाऊ भिंतीकडे बघत.
"जब तक नहीं होगी, पानी की बूँद नहीं."
वॉर्डबॉय कैलाश त्याहून सरळ, बडनगरकडचा,
"बाबूजी, पाद आयो के नी?"

पहिला दिवस. दुसरा.
देवासहून फोन, खांडव्याहून, श्रीरंगच्या सासरहून,
आणि आम्ही बाळंतिणीच्या खोलीबाहेर बोलतात
तशा आवाजात: अजून नाही.
गजामामा टेकडीवर जाऊन नारळ बोलून आला.
देवीला नेमकं कुठल्या शब्दांत सांगितलं
ते मी विचारलं नाही.

तिसऱ्या रात्री मी स्टुलावर पेंगत होते.
तीन वाजून दहा मिनिटं.
आला.
लहानसा. कोरडा. वहीचं पान टर्रकन फाटावं तसा.

मी डोळे मिटूनच बसले. सवय.
आई बाकावर उठून बसली.
इथे मिक्सर नव्हता.
ती हसत सुटली, तोंडावर पदर नाही, हात नाही,
कवळी वाटीत काढून ठेवलेली,
नुसतं गुलाबी, लहान मुलासारखं तोंड,
आणि डोळ्यांतून पाणी.
कैलाश धावत आला, "बधाई हो, अम्मा!"
शेजारच्या खोलीतला कुणी मुलगा झाला का विचारून गेला.

भाऊ, नाकात नळी, छताकडे बघत,
अगदी स्पष्ट म्हणाले, "खिडकी."

एसीची खोली होती. खिडकीला कडीच नव्हती.

त्यानंतर ते पाच वर्षं होते.
त्यांची हिशेबाची वही आता माझ्याकडे आहे.
दूध. सुतळी. दाढीचा साबण.
कैलाशला बक्षीस, शंभर.
त्याच्या वरच्या ओळीत, वळणदार अक्षरात,
"पहाटे ३.१०. अपानवायू सरला. ईश्वरकृपा."

यातले दोन शब्द लाल शाईने खोडलेत.
वर आईचं अक्षर, तिरकं, चौथीपर्यंतचं:
"पादले."

आदरार्थी बहुवचन.
ईश्वरकृपा तिने तशीच राहू दिली.