शंभर किलोमीटरनंतर परत या

पहिला बर्फ पडला की केमियार्वीतल्या सगळ्यांना
एकाच सकाळी आठवतं.
दारापुढे गाड्यांची रांग, जो तो घाईत,
आणि मी, बापाकडून जॅक आणि पाठदुखी दोन्ही घेतलेली,
प्रत्येकाला विचारते, सप्टेंबरात काय झालं होतं?

हेल्वी रांगेत नव्हती.
ती आली दिवेलागणीला, म्हणजे इथे दुपारी साडेतीनला,
मागच्या सीटवर चार टायर
जुन्या चादरीत गुंडाळलेले.
"हेच चढव. ओइवानं ठेवलेत."

ओइवा जूनमध्ये गेला.
चाळीस वर्षं गाडीचं सगळं तोच बघायचा,
ती शेजारी बसून थर्मास सांभाळायची.

चादर काढली. टायरांवर खडूनं लिहिलेलं,
मास्तरासारखं गोल अक्षर:
डावा पुढचा.
उजवा पुढचा.
डावा मागचा.
चौथ्यावर नुसतं "उजवा मा",
पुढे खडूची एक घसरलेली रेघ.

मी अंगठा दाबला. रबर दबेना.
कडेचे चार आकडे वाचले: चौतिसावा आठवडा,
अकरा वर्षांपूर्वीचा.
"खाचा आहेत की अजून," ती म्हणाली,
आणि नाणं खोचून दाखवलं, त्यानं शिकवलं होतं तसं.
खाचा आहेत, मी म्हटलं, पण रबर म्हातारं झालं
की बर्फाला धरत नाही, नुसतं त्यावर बसून राहतं.
म्हटलं आणि जीभ चावली.
"मग माझ्यासारखंच," ती म्हणाली.

नवे दाखवले.
हे बिनखिळ्यांचे, गावातल्या गावात उत्तम,
आवाज अजिबात नाही,
आत बसलात तर स्वतःचा श्वास ऐकू येईल.
"आणि ते?"
ते खिळ्यांचे. कुरकुरतात.
कोरड्या रस्त्यावर तर जातं फिरल्यासारखे.
पण तळ्याकाठच्या वळणावर, बर्फावर पाणी सुटलं
की तेच धरतात.
तिनं हातमोजे काढले. पुन्हा घातले.
"खिळ्यांचे दे. शांतता घरी पुष्कळ आहे."

मग सांगितलं, सगळ्यांना सांगते तेच,
जरा सावकाश.
पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाणी उडतंय का बघा.
रस्ता ओला दिसतोय आणि पाणी उडत नाही,
तर ते पाणी नाही.
अंतर ठेवा, वाटतं त्याच्या दुप्पट, आणि त्यावर थोडं.
घसरलात तर ब्रेकवर उभ्या राहू नका.
पाय काढा, आणि जायचंय तिकडे बघा.
झाडाकडे बघितलंत तर गाडी झाडाचंच ऐकते.
शंभर किलोमीटरनंतर परत या, बोल्ट आवळायला.
तोवर जपून, खिळे अजून बसायचेत.

सहाव्या दिवशी आली. मीटरवर एकशे चव्वेचाळीस.
"तुझे शंभर गावात होईनात,
म्हणून सल्लाला जाऊन आले.
काम काही नव्हतं. कॉफी प्यायले."
आणि?
"पुलाच्या अलीकडे घसरले.
रेनडिअर मध्येच उभा, जावयासारखा. हलेना."
मग?
"त्याच्याकडे बघितलंच नाही.
त्याच्या शेजारी जी रिकामी जागा होती,
तिच्याकडे बघत राहिले."

मी पाना लावला. कट्, कट्,
वीस बोल्ट.
उजव्या मागच्याचे दोन ढिले निघाले.

जाताना काच खाली करून तिनं विचारलं,
"ते जुने?"
भंगाराची गाडी गुरुवारी येते, मी म्हटलं.
"बरं," ती म्हणाली,
आणि कुरकुरत गेली, वळणापर्यंत ऐकू येत होती.

तीन टायर गेले.
अर्ध्या अक्षराचा एक मागच्या भिंतीशी आहे,
छपराचं पाणी त्यावर गळणार नाही असा ठेवलेला.
गाडी गुरुवारी येते.
काल दुसरा गुरुवार होता.