चीर

दादा शिरोलीच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं
लोखंडातली चीर शोधतात.
कास्टिंग पुसून घ्यायचं, वर लाल रंग फवारायचा,
पंधरा मिनिटं गप्प बसायचं,
रंग पुसायचा, पांढरी पूड मारायची.
चीर असली तर लाल होऊन वर येते,
केसाएवढी.
त्यांच्या नखांच्या कडा रविवारीसुद्धा गुलाबी असतात.

म्हणून डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून
रंग कुठून सोडणार ते दाखवलं
तेव्हा दादांना हसू आलं,
"म्हंजे आमचंच काम की हो. फकस्त पीस जिता हाय."

राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर, मी फॉर्म वाचत होते.
सातव्या ओळीत बारीक टाइपात मूत्रपिंड.
साखर सतरा वर्षांची, क्रिएटिनिन एक पॉइंट चार.
"धोका थोडा आहे," डॉक्टर म्हणाले,
"गोळी बंद ठेवू, रंग कमीत कमी, आणि सलाईन रात्रभर."

रात्रभर.
आमच्या घरात दिवस मावळला की पाणी नाही.
साखर निघाल्यावर आईनं गोळीपुरता घोट मान्य केला,
दादांनी तोही नाही.
पन्हाळ्याकडचं आभाळ विझलं होतं.
त्यांनी खिडकी बघितली, टांगलेली बाटली बघितली.
"राजमती, शिरंतनं गेलेलं पाणी
प्यालं म्हणायचं का गं?"
मी म्हटलं, तोंडाला तर लागत नाही.
"वकिलागत बोललीस," म्हणाले,
आणि हात पुढे केला.

सकाळी काचेपलीकडे पडद्यावर
एक काळी फांदी उमलली आणि विरून गेली.
पुन्हा उमलली.
"आत भट्टीचं दार उघडल्यागत झालं," बाहेर आल्यावर दादा म्हणाले.
एका फांदीत चाळीस टक्के, गोळ्यांवर भागेल.
हृदय पास.
आम्ही खाली जाऊन इडली खाल्ली, आईनं दोनदा चटणी मागितली.

तिसऱ्या दिवशी तीन पॉइंट एक.
सिस्टरनं आकडा पुन्हा वाचला, जणू आधी चुकीच्या माणसाचा होता.
लघवीच्या भांड्यात तळाशी दोन बोटं, चहाच्या रंगाची.
पाय सुजले, अंगठा दाबला की खळगा तसाच राहायचा.
आता पाणी मोजून, दिवसाला एवढंच.
दादा बाटलीवरच्या रेघा मोजत पडून राहायचे.

आई रोज पहाटे पाणी गाळते,
दुहेरी कापडातून, धार बारीक धरून,
आणि कापडावर राहिलेला जीव
गाळलेल्याच पाण्यानं धुऊन आडात परत सोडते.
गाळणं पिळायचं नाही, हे मी चालायच्या आधी शिकले.
डॉक्टरांनी तिला समजावलं, मूत्रपिंड म्हणजे
रक्ताचं गाळणंच, आजी.
ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.
मग म्हणाली,
"आणि तुम्ही त्याच्यावर रंग ओतला?"

चूक कुणाची नव्हती.
सलाईन दिलं होतं, गोळी बंद होती,
रंग नव्वद मिलीच्या वर गेला नव्हता.
हे सगळं मी लिहून काढलं, वहीत, तारखेनिशी,
आणि वही कुणाला दाखवायची ते सुचलं नाही.

बाराव्या दिवशी एक पॉइंट आठ.
चारवर ते परत गेलंच नाही.
मशीन लागलं नाही, एवढं मात्र नशीब.

दिवाळीनंतर दादा कामावर जायला लागले, अर्धा दिवस.
मी विचारलं, तुमच्याकडे असल्या पीसचं काय करता?
चीर नाही, पण ड्रॉइंगप्रमाणेही नाही.
"डेव्हिएशनमध्ये पास," म्हणाले.
"कागद चिकटवून पाठवायचं. घेणाऱ्यानं बघून वापरायचं."

सीडीच्या पाकिटावर त्यांनी स्वतःच्या हातानं
लाल खडूनं लिहून ठेवलंय: रंग जपून.
खडू बोटाला लागतो. पाकीट शोकेसमध्ये,
माझ्या दहावीच्या ढालीशेजारी.

काल दिवस मावळताना आईनं तांब्या पुढे केला.
दादांनी पेला भरला, उजेडासमोर धरला,
फिरवला सावकाश, कास्टिंग फिरवतात तसा.
"अजून उजेड हाय नव्हं?"
आहे, मी म्हटलं.
नव्हता फारसा.