तिवराचा आडवा छेद

उम्म अल कुवेनमधली आमची प्रयोगशाळा म्हणजे
बारा स्टुलं, एक बेसिन, सात सूक्ष्मदर्शकं,
त्यांतली चार धड.
एसीच्या नळीखाली ठेवलेली बादली
दुसऱ्या तासाला भरते.

परकारचाचा पहाटे ओहोटीला खोरात उतरतात.
वाऱ्यानं मोडलेली फांदी ओल्या फडक्यात आणतात,
पोटऱ्यांवर चिखल वाळलेला, राखाडी.
"टीचर, हे आपलं तिवर.
दाभोळला आमच्या परड्यामागं हेच.
तिकडं बकऱ्या खायच्या, इथं उंट.
फरक तो एवढाच."

पान आधी वर्गातून फिरवलं.
त्यावर मिठाचे कण, दवात विरघळून पुन्हा धरलेले.
रुमैसा जीभ लावते, तोंड वाकडं करते.
समुद्र प्यायचा, आणि त्यातला खारटपणा
पानावर आणून ठेवायचा;
मी फळ्यावर लिहिते, क्षारग्रंथी.
खाली रेघ.

मुळं खाली जातात हे पाचवीत शिकवलंय.
इथली कितीतरी वर येतात, चिखलातून,
कुणी टोक न केलेल्या पेन्सिली रोवाव्यात तशी,
आणि भरती येईपर्यंत श्वास घेऊन ठेवतात.

मग अर्धं ब्लेड, बकाल्यातलं गाजर.
गाजराला चीर देऊन डहाळी त्यात उभी धरायची
आणि कापत यायचं आपल्याकडे,
कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
जाड आला, टाका.
तिरका आला, टाका.
निहालचं बोट कापलं, तो छेद मात्र
सगळ्यांत चांगला.

सॅफ्रॅनिनचा एक थेंब. जादाचा धुऊन टाकला.
लाकूड लाल झालं, पाणी चढवणाऱ्या नळ्यांची
भोकंच भोकं.
आंब्यात, सागात रस उतरतो तो सालीलगत.
साल गोलाकार सोलली की झाड संपलं.
तिवर रसाच्या वाटा लाकडाच्या आत पुरतं,
एक कडं लाकडाचं, त्यात रसाचा पदर,
पुन्हा लाकूड, पुन्हा रस.
वरून कितीही खरवडा.

"टीचर, पाच कडी. म्हणजे पाच वर्षं?"
हो, म्हणाले मी. लिही.
रात्री पुस्तक उघडलं
आणि सकाळी निहालच्या वहीत
त्याचं नव्हे, माझं उत्तर लाल शाईनं खोडलं.
तिवर वर्षं मोजत नाही.
खोड भरत गेलं की कडं पडतं,
कधी एका वर्षात दोन-तीन,
कधी वर्ष येतं आणि तसंच निघून जातं.

शाळा सुटल्यावर परकारचाचा भिंगं पुसत होते.
एकोणीस वर्षं पुसतायत, आत कधी
पाहिलं नव्हतं.
म्हटलं, बघा.
चष्मा कपाळावर चढवून ते वाकले.
उजवा डोळा मिटला, मग डावा,
मग बराच वेळ काहीच हललं नाही.

"हे जाळं आहे," ते म्हणाले.
"आस बघा की, गाठीला गाठ.
बावा अस्संच विणायचे, दारात बसून,
पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून."
मी सांगितलं, रसाच्या वाटा खरंच अशा
एकमेकींना मिळतात आत, जाळीसारख्या.
त्यांना त्यात नवल वाटलं नाही.

"मग ह्याचं वय?"
नाही कळत, चाचा.
पासपोर्टवर त्यांचा जन्म एक जूनचा,
मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेला.
धाकट्या भावाचाही एक जून,
चुलतभावाचाही.
"बरंय," ते म्हणाले,
आणि सूक्ष्मदर्शकावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली.

ब्लेड धुऊन कागदात गुंडाळलं.
बादली ओतली.
गाजराचा न चिरलेला भाग नळाखाली धरून
त्यांनी मोडला, मोठा तुकडा मला दिला.
कुडुम कुडुम खात आम्ही दोघं
फळ्यावरचं ते एक कडं, एक वर्ष
पुसायचं विसरलो.