एका वेळी जास्तीत जास्त

नियम सोपा आहे, दरवर्षी सांगते:
तासभर खिडकीशी बसायचं,
एका जातीचे एका वेळी जास्तीत जास्त
जेवढे दिसले तेवढेच लिहायचे.
आले, गेले, पुन्हा आले, त्यांची बेरीज नाही.
नाहीतर एकच रामगंगा दहादा येते
आणि हीउमा बेटावर
रामगंगांचं राज्य होतं.

जानेवारीचा शेवटचा रविवार. उणे चौदा.
वाचनालयाच्या स्टोव्हवर माझे हातमोजे वाळतायत,
टेबलावर गावाचे सत्तावीस कागद.
पोरं आकडे फोनवरून धाडतात.
म्हातारे अजून पेन्सिलीने,
तीही जिभेला लावून.

लाइनेबाई: चिमण्या एकवीस, डोमकावळा एक,
‘आणि शेजाऱ्यांचं मांजर, ते धरू नका.’

एंडेलचा कागद कोरा. खाली सही.
फोन केला, तर म्हणतो,
काही आलंच नाही, लिहू काय?
शून्य लिही, एंडेल. शून्यही लागतं.
बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.
मग म्हणाला, पण मी बसलो होतो हं.
पूर्ण तास बसलो होतो.

मग काल्युचा कागद.
विर्वे गेली ऑक्टोबरात. पाखरं तिची होती.
याचं जग म्हणजे होडीचं इंजिन
आणि रेडिओवरचं हवामान.
जाड, तेलकट अक्षरात लिहिलंय:
चरबीचोर ९
नवरदेव ५
पाद्री २
रेशीमवाल्या १४
थोरली १

पुस्तकातलं एकही नाव नाही.
ती सकाळी खिडकीतून जे म्हणायची
तेवढंच त्याला ठाऊक.

एकेक उकलत गेले.
चरबीचोर म्हणजे रामगंगा, दोरीला टांगलेल्या
डुकराच्या चरबीवर तुटून पडणाऱ्या.
आमच्या भाषेत त्यांच्या नावातच चरबी आहे.
छाती फुगवून सफरचंदाच्या फांदीवर बसलेले
लालबुंद बुलफिंच, ते नवरदेव, आणखी कोण?
काळ्या झग्याचा, पांढऱ्या पोटाचा मॅगपाय, पाद्री.
रेशीमवाल्या तर सोप्याच,
रोवनच्या शेवटच्या फळांवर येतात, तुरा नीट विंचरून.

थोरली मात्र अडली.
दिसते कशी रे, काल्यु?
‘थोरलीसारखीच.’
रंग?
‘मारेट, मी रंग बघत बसलो नाही.
विर्वे म्हणायची, बघ, थोरली आली,
आता सगळे गप्प बसतील.’
मग बसले का गप्प?
‘बसले. सगळे.
घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली.’

माझी पेन्सिल हातातच राहिली.
मग लिहिलं: चिमणीमार ससाणा, मादी, एक.
मादीच. नर एवढा मोठा नसतो.
फोनवर त्याला एवढंच सांगितलं, की ओळखलं.
ती येते कशासाठी, ते त्याने विचारलं नाही,
की त्याला माहीत होतं?
एवढंच म्हणाला,
‘उद्याही चरबी टांगायची असते ना?
का फक्त मोजणीपुरती?’
टांगायची, म्हटलं. मार्चपर्यंत.

कागदाच्या तळाशी एक रकाना असतो:
मोजणारे किती.
तिथे त्याने दोन लिहून खोडलंय,
रबराने, इतकं घासून
की कागद पातळ झालाय, उजेडाला धरला
तर दोनचा आकडा अजून दिसतो.
त्यावर एक.

मी एकच धरला. नियम नियम आहे.

मग एंडेलचा कागद पुन्हा ओढला
आणि शाईने भरला:
पक्षी शून्य. मोजणारे एक.

बाहेर चार वाजताच अंधारलंय.
बर्फावरच्या रस्त्याने मुख्य भूमीकडे
कुणाची तरी गाडी हळू हळू चाललीय, काचा उघड्या ठेवून,
तिथे तसाच नियम आहे.

हातमोजे वाळलेत.
एकाचा अंगठा थोडा जळलाय.